तीन महिन्यांचे घोडेस्वार

अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या पथकांच्या याद्या चाळताना एक छोटीशी नोंद लागते. ऱ्होड आयलंडचं सातवं स्क्वाड्रन, घोडदळ. भरती २४ जून १८६२. मुदत तीन महिने. पुढे दोनचार गावांची नावं आणि मग नोंद संपते. शेजारी चार वर्षं झुंजलेल्या रेजिमेंटांची पानंच्या पानं असतात, त्यामुळे नजर इथे ठरत नाही. पण या पथकातले जवळपास निम्मे स्वार कॉलेजातली पोरं होती, आणि मुदत संपायला दहा दिवस उरले असताना त्यांनी अशी एक रात्र काढली, जी चार वर्षं लढलेल्या कित्येकांच्याही वाट्याला आली नसेल. ती रात्र समजून घ्यायची तर आधी ही तीन महिन्यांची भानगड काय, ते बघावं लागेल.

युद्ध आपल्यालाही अगदीच परकं नाही. दक्षिणेतल्या गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांनी १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटून वेगळं सरकार मांडलं आणि उत्तरेनं ते फुटणं अमान्य केलं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला तो याच चार वर्षांत, आणि ओसरला तोही युद्ध संपताच, १८६५ मध्ये.

युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेची कायमची फौज सोळा-सतरा हजारांचीच होती, तीही बरीचशी पश्चिम सरहद्दीवर विखुरलेली. लढायला माणूस आणायचा कुठून? तर राज्यांकडून. केंद्र सरकार प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरला सांगायचं, इतकी माणसं द्या. गव्हर्नर गावोगावच्या वजनदार माणसांना भरतीची परवानगी द्यायचा. वकील, शिक्षक, दुकानदार, कुणीही आपल्या भागात सभा घ्यायचा, नावं लिहून घ्यायचा, शंभराच्या आतबाहेर पोरं जमली की एक कंपनी तयार. अशा दहा कंपन्या झाल्या की पायदळाची रेजिमेंट. घोडदळात दहा किंवा बारा कंपन्या लागत. रेजिमेंटला राज्याचं नाव आणि क्रमांक मिळायचा. कंपनीचा कप्तान बहुतेक वेळा पोरांनीच मतं देऊन निवडलेला असे. यांनाच स्वयंसेवक पथकं म्हणत. स्वयंसेवक म्हटल्यावर बिनपगारी काम डोळ्यांपुढे येतं, पण तसं नव्हतं. साध्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. अर्थ एवढाच, की तो स्वतःहून आला होता आणि ठरलेल्या मुदतीसाठीच आला होता.

दोन कंपन्यांचं मिळून एक स्क्वाड्रन. म्हणजे आपलं हे पथक पुऱ्या रेजिमेंटएवढंही नव्हतं, तिचा पाचवा-सहावा हिस्साच म्हणा.

आता मुदत. एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकननं पहिली हाक दिली ती ७५,००० माणसांची आणि फक्त तीन महिन्यांसाठी. युद्ध लवकर आटपेल अशी आशा बऱ्याच जणांना होती, हे खरं. पण तीन महिन्यांचा आकडा कायद्यातून आला होता. राज्यांचं नागरी सैन्य अध्यक्षाला बोलावता यावं म्हणून १७९५ मध्ये केलेल्या कायद्यानं त्याला एवढीच मुभा दिली होती. बलाढ्य अध्यक्ष फौज घेऊन लोकांच्या डोक्यावर बसू नये, ही त्या काळाची काळजी होती आणि ती रास्तही होती. तिची किंमत मात्र जुलैमध्ये मोजावी लागली. २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या ओढ्याकाठी पहिली मोठी लढाई झाली. त्याच सकाळी पेनसिल्व्हेनियाची एक पलटण आणि न्यूयॉर्कचा एक तोफखाना मुदत भरली म्हणून माघारी निघाला. सेनापतीनं विनवलं, ते थांबले नाहीत. पाठीमागे शत्रूच्या तोफा वाजत होत्या आणि ही माणसं घरच्या वाटेला लागली होती. त्यांना भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी दिलेला शब्द तीन महिन्यांचा होता आणि तो त्यांनी पाळला होता.

यातून शहाणं होऊन सरकारनं पुढची भरती तीन वर्षांची केली. मग १८६२ मध्ये पुन्हा तीन महिन्यांची पथकं आली कुठून? ती आली भीतीतून. एप्रिलमध्ये आपलं पारडं जड आहे असं वाटून युद्धमंत्री स्टॅन्टननं भरतीची कार्यालयं बंदसुद्धा केली होती. आणि मे महिन्यात शेनान्डोआच्या खोऱ्यात दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन उसळला. २५ मेला त्यानं विंचेस्टरला उत्तरेच्या फौजेला झोडपून पोटोमॅक नदीपार पिटाळलं. वॉशिंग्टनचं धाबं दणाणलं. गव्हर्नरांना तारा गेल्या, असतील ती माणसं पाठवा. तीन महिने तर तीन महिने.

पायदळाच्या बाबतीत हे एक वेळ चालून गेलं असतं. घोडदळाच्या बाबतीत जुने लष्करी अधिकारी कपाळावर हात मारून घेत. घोडदळ तयार व्हायला दोन वर्षं लागतात, असं ते मानत. आपल्याकडे ज्यांनी घोडा जवळून पाहिलाय त्यांना हे सांगायला नको. आधी माणसाला बसता आलं पाहिजे. मग पळत्या घोड्यावर एका हातात लगाम आणि दुसऱ्यात नंगी तलवार धरून शेजारच्या स्वाराचा कान न उडवता रांगेत राहता आलं पाहिजे. घोड्यालाही शिकावं लागतं. कानाजवळ पिस्तूल उडालं तर उधळायचं नाही, कर्णा वाजला की काय करायचं ते त्याला स्वाराच्या आधी कळलं पाहिजे. आणि हे झालं नुसतं वरवरचं. खरं काम पागेत. पहाटे उठून खरारा, चंदी, पाणी, नालांची तपासणी, मगच स्वाराच्या पोटात काही जायचं. खोगिराखालच्या घोंगडीला एक चुणी राहिली तरी दिवसभराच्या दौडीनंतर घोड्याची पाठ सोलून निघते, आणि पाठ लागलेला घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. नवख्या पथकांत गोळीनं जितके घोडे जायचे, त्याहून कितीतरी जास्त या हेळसांडीनं जायचे.

खर्चही तसाच. सरकारी नियमाप्रमाणे एका घोड्याला रोज १४ पौंड वाळलं गवत आणि १२ पौंड दाणा. म्हणजे साधारण १२ किलो. हजार घोड्यांच्या रेजिमेंटला रोज १२ टन वैरण-चंदी गाडीतून ओढत न्यायची. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे तो कामी येणार आहे.

इथे आपले दोन जुने शब्द फार उपयोगी पडतात. मराठा फौजेत स्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळायचं. अमेरिकेत अगदी अशीच विभागणी दोन बाजूंत झाली. दक्षिणेचे स्वार शिलेदार. घोडा घरचा, त्याबद्दल सरकार रोज ४० सेंट भाडं देई. घोडा लढाईत पडला तर भरपाई मिळे, थकून किंवा आजारानं मेला तर नाही. दुसरा घोडा आणता आला नाही की स्वाराची रवानगी पायदळात. उत्तरेचे स्वार मात्र बारगीर. घोडा, खोगीर, कार्बाइन म्हणजे आखूड बंदूक, सगळं सरकारी. पहिली दोन वर्षं शिलेदार भारी पडले, कारण ते लहानपणापासून घोड्यावर वाढले होते. पुढे बारगीर वरचढ झाले, कारण त्यांच्या मागे घोडे पुरवणारं सरकार होतं.

तर अशा काळात, जून १८६२ मध्ये, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हरच्या डार्टमथ कॉलेजातला सॅनफर्ड बर नावाचा विद्यार्थी उठला आणि म्हणाला, आपण विद्यार्थ्यांची घोडदळाची कंपनी काढू. कनेक्टिकट नदीच्या पलीकडच्या काठावर व्हरमाँट राज्यात नॉर्विच हे गाव, आणि तिथे तेव्हा नॉर्विच विद्यापीठ होतं, लष्करी शिक्षण देणारं. डार्टमथच्या पोरांना उत्साह होता, नॉर्विचच्या पोरांना कवायत येत होती. बोडिन, युनियन अशा इतर कॉलेजांतूनही तुरळक पोरं आली. ऐंशीच्या आसपास नावं झाली.

पण घेणार कोण? बरनं गव्हर्नरांचे उंबरठे झिजवले. नकार आले. नकाराचं कारण वरच्या हिशोबातच आहे. दोन वर्षांत तयार होणारं घोडदळ तीन महिन्यांसाठी कशाला पोसायचं? अखेर हो म्हणाला तो ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर विल्यम स्प्राग. देशातलं सगळ्यात चिमुकलं राज्य, गव्हर्नर जेमतेम एकतीस वर्षांचा, घरच्या कापडगिरण्या, आणि बुल रनच्या लढाईत स्वतः हजर राहिलेला. तिथे त्याच्या मांडीखालचा घोडा मारला गेला होता. त्यानं आधी आपल्या राज्यातल्या माणसांची एक कंपनी उभी करायला घेतलीच होती. ती झाली ए कंपनी, विद्यार्थ्यांची झाली बी कंपनी. दोन्ही मिळून सातवं स्क्वाड्रन, प्रमुख मेजर ऑगस्टस कॉर्लिस. म्हणून न्यू हॅम्पशायर-व्हरमाँटची पोरं कागदोपत्री ऱ्होड आयलंडची झाली. पथकाच्या नावावरून माणसांचं गाव ओळखायला जाऊ नये, ते असं.

जून संपता संपता पथक वॉशिंग्टनला पोचलं. घोडे मिळाले, कवायत झाली, आणि उन्हाळ्यातच त्यांना विंचेस्टरला धाडलं, जिथे मे महिन्यात दाणादाण उडाली होती तिथेच. काम रोजचं आणि कंटाळवाणं. रस्त्यांवर पहारे, रपेट, शत्रूची टेहळणी, मधूनच एखादी चकमक. आजारपण होतंच. त्या युद्धात उत्तरेचे जे साडेतीन लाखांवर सैनिक मेले, त्यातले जवळपास दोन तृतीयांश रोगराईनं गेले. विषमज्वर आणि हगवण यांनी गोळ्यांपेक्षा जास्त माणसं नेली. तीन महिन्यांच्या पथकाला त्यातून सूट नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी बुल रनलाच दुसरी लढाई झाली आणि उत्तरेचा पुन्हा पराभव झाला. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली आपली फौज घेऊन मेरीलँड राज्यात घुसला. विंचेस्टर सोडावं लागलं, आणि तिथली शिबंदी मागे सरकून हार्पर्स फेरीला आली.

हे गाव म्हणजे वाटीचा तळ. पोटोमॅक आणि शेनान्डोआ या दोन नद्यांचा इथे संगम होतो आणि भोवती उंच टेकड्या उठतात. उत्तरेला नदीपार मेरीलँड हाइट्स, आग्नेयेला लाउडन हाइट्स, पश्चिमेला बोलिव्हर हाइट्सचा उंचवटा. ज्यानं कुणी किल्ला भांडताना पाहिला-वाचला असेल त्याला लगेच कळेल, की टेकड्या हातात असतील तर गाव आपलं आणि टेकड्या गेल्या तर गाव गेलं. लीनं जॅक्सनला तिन्ही बाजूंनी फास आवळायला पाठवलं. १३ सप्टेंबरला मेरीलँड हाइट्स पडली. १४ तारखेला टेकड्यांवरून तोफगोळे गावात पडू लागले. आत बारा-तेरा हजारांचं पायदळ आणि तेराशेच्या आसपास घोडदळ. प्रमुख होता कर्नल डिक्सन माइल्स.

वेढ्यात घोडदळ म्हणजे ओझं. घोडे तटाआड बसून लढू शकत नाहीत, पण रोज १२ किलो खातात. आणि शरणागती झाली तर तेराशे सजवलेले घोडे आयते शत्रूच्या हाती, तेही शिलेदारी चालवणाऱ्या शत्रूच्या, ज्याला घोड्यांची सगळ्यात जास्त चणचण. न्यूयॉर्कच्या आठव्या घोडदळाचा कर्नल बेंजामिन डेव्हिस आणि त्याच्या जोडीच्या अधिकाऱ्यांनी हट्ट धरला, आम्हाला निसटू द्या. माइल्स आधी नाखूश होता. शेवटी मानला. लेखी हुकूम निघाला, त्यात पथकांचा क्रमही ठरवून दिलेला. गाड्या नाहीत, रुग्णवाहिका नाहीत, मोकळे घोडे नाहीत. ऱ्होड आयलंडच्या पोरांचं स्थान रांगेच्या मागच्या भागात, न्यूयॉर्कवाल्यांच्या पाठोपाठ.

कॉर्लिसनं आपल्या स्वारांना सांगितलं ते नीट नोंदलं गेलंय. उद्या सकाळी या वेळी आपण एक तर पेनसिल्व्हेनियात असू, नाही तर नरकात, नाही तर कैदी होऊन रिचमंडच्या, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीच्या, वाटेवर.

अंधार पडल्यावर रांग हलली. होड्यांवर फळ्या टाकून केलेला पूल, त्यावरून दोन-दोन घोडे. लाकडावर टापांचा आवाज, खाली पाणी, वर शत्रूची टेकडी. पूल ओलांडला की डावीकडे वळायचं, कालव्याच्या कडेनं, मेरीलँड हाइट्सच्या पायथ्यातून. ज्या टेकडीवरून दिवसभर गोळे आले, तिच्याच बुडातून. उजवीकडे वळलेला माणूस थेट शत्रूच्या छावणीत. पुढे वाट दाखवायला त्या भागातले माहीतगार होते, म्हणून निभावलं.

दोन-दोनच्या रांगेत तेराशे घोडे म्हणजे किती लांब शेपूट होईल, याचा मी हिशोब मांडून पाहिला. एका घोड्याला पुढच्या अंतरासकट साडेतीन मीटर धरले, तर सव्वादोन किलोमीटर. पुढचा स्वार चढ संपवून दुडक्या चालीनं निघतो तेव्हा मागचा अजून पुलावर असतो. अशी रांग रबरासारखी ताणते आणि आकसते. पुढे जरा वेग वाढला की मागच्यांना जीव तोडून दौडावं लागतं, पुढे कुणी थबकलं की मागचे एकमेकांवर आदळतात. सातवं स्क्वाड्रन होतं ते याच मागच्या भागात. तीन महिन्यांपूर्वी यातल्या कित्येकांच्या हातात पुस्तकं होती. आता गडद काळोखात समोरच्या घोड्याच्या टापांचा आवाज हरवू द्यायचा नाही, एवढं एकच काम, आणि तो हरवला तर मागची सगळी रांग हरवते. दोन वर्षं लागतात असं ज्यांनी म्हटलं होतं ते चूक नव्हते. पण अडीच महिन्यांत ही पोरं एवढं तरी शिकली होती.

शार्प्सबर्गपर्यंत पोचले तर तिथे शत्रूचे पहारे. वाट बदलली, शेतांतून, आडरस्त्यांनी विल्यम्सपोर्टकडे. पहाटेच्या आधी हमरस्त्यावर चाकांचा खडखडाट ऐकू आला. दक्षिणेच्या लाँगस्ट्रीट या सेनापतीच्या राखीव दारूगोळ्याच्या गाड्या होत्या त्या. डेव्हिस मिसिसिपीत वाढलेला. बोलण्याचा हेल अस्सल दक्षिणी. अंधारात गणवेशाचा रंग कुणाला दिसणार? त्यानं अधिकारवाणीनं गाडीवानांना सांगितलं, पुढे शत्रू आहे, गाड्या या रस्त्याला वळवा. गाड्या वळल्या, थेट पेनसिल्व्हेनियाकडे. दोन्ही बाजूंना स्वार चालू लागले. गाडीवानांना उजाडल्यावर कळलं, की आपल्या सोबतीला आहेत ते उत्तरेचे निळे गणवेश. चाळीसहून जास्त गाड्या घेऊन रांग १५ सप्टेंबरच्या सकाळी पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीनकॅसलला पोचली. रात्रभरात साठेक किलोमीटर तरी कापले होते, आणि या सटकण्याला कुठेही मोठी लढाई द्यावी लागली नव्हती.

त्याच सकाळी हार्पर्स फेरीत पांढरं निशाण चढलं. बारा हजारांहून जास्त माणसं शरण गेली. त्या युद्धात उत्तरेची एवढी मोठी शरणागती दुसरी नाही. माइल्स शेवटच्या गोळ्यांपैकी एकानं जखमी होऊन दगावला. जॅक्सनला तोफा मिळाल्या, बंदुका मिळाल्या, घोडदळ मात्र मिळालं नाही. दोन दिवसांनी, १७ सप्टेंबरला, शार्प्सबर्गजवळच अँटीटमच्या काठी लढाई झाली आणि एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्या चाळीस गाड्यांमुळे लढाईचा निकाल फिरला असं काही जण उत्साहानं म्हणतात. मला ते पटत नाही. दारूगोळा कमी पडणं आणि लढाई हरणं यात बरंच अंतर असतं. जे हातात आहे तेवढंच पुरेसं मोठं आहे.

डेव्हिस पुढच्या वर्षी, ९ जून १८६३ ला, ब्रँडी स्टेशनच्या लढाईत नदीच्या उतारावर पडला. कॉर्लिसनं पुढेही लष्करात नोकरी केली. विद्यार्थ्यांची मुदत संपली आणि ती पोरं ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला परतून मोकळी झाली. त्यातल्या काहींनी पुढे दुसऱ्या पथकांत पुन्हा नावं घातली.

बाकीचे कॉलेजात परतले, तर तिथे वेगळीच अडचण. डार्टमथचे अध्यक्ष नेथन लॉर्ड हे उत्तरेत राहूनही गुलामगिरीला ईश्वरी मान्यता आहे असं मानणारे आणि उघड सांगणारे गृहस्थ. त्याच मतांपायी पुढच्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं. बुडालेल्या अभ्यासाची परीक्षा दिल्याशिवाय वर्गात घेणार नाही, असं पोरांना सांगण्यात आलं. बरनं ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठाकडे धाव घेतली. ते या पोरांना तशीच घ्यायला तयार झाले. हे कळल्यावर डार्टमथनं अट सोडली.

आणि एक कागद अजून राहिला. १८९० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं जुन्या सैनिकांसाठी नवा निवृत्तिवेतनाचा कायदा केला. अंगमेहनतीचं काम होत नसेल तर, दुखणं युद्धातलं असो की नंतरचं, पैसे मिळतील. त्यातली एक अट अशी, की नोकरी किमान ९० दिवसांची झालेली हवी. २४ जून ते २४ सप्टेंबर मोजून बघा. भरतात ९२.